डिसेंबरात पाऊस नसतानाही समुद्र कमी खारा का होतो? हवेचा दाब आणि क्षारता

प्रश्न सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा आहे. थोडक्यात असा: "जास्त दाबाच्या पट्ट्यात आकाश निरभ्र, बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी जास्त खारं. कमी दाबाच्या पट्ट्यात पाऊस, म्हणून पाणी कमी खारं. असं आम्ही शिकवतो. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी नोव्हेंबर ते जानेवारीत कमी खारं होतं असं वाचनात आलं. तेव्हा तर पाऊस संपलेला असतो. मग दाबाचा आणि खारेपणाचा नेमका संबंध काय? आणि आमच्या मिठागरांना त्याने फरक पडतो का?"

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींचं पाणी मोजण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हवेचा दाब मिठाला थेट हात लावत नाही. दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) वाढला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर दबते, कमी झाला की तेवढीच उचलते. मोठ्या चक्रीवादळाखाली दाब ४०-५० हेक्टोपास्कल उतरला तर पाणी अर्धा मीटर फुगतं. पण त्या पाण्यातलं क्षारांचं प्रमाण जिथल्या तिथे राहतं. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार होते, ते ३५च. (यालाच क्षारता ३५ म्हणायचं.)

दाब काम करतो तो दुसऱ्यांच्या हातून. दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकामुळे वारा सुटतो. वारा वाफ उचलतो आणि दुसरीकडे नेऊन पाडतो, हा एक मार्ग. तोच वारा पृष्ठभागाचं पाणी ढकलतो, प्रवाह जागे करतो, बर्फ वाहून नेतो, हा दुसरा. पाठ्यपुस्तकात पहिला मार्ग असतो, दुसरा बहुतेक वेळा सुटतो. माझं मत असं, की एखाद्या वर्षी एखाद्या ठिकाणची क्षारता नेहमीपेक्षा वेगळी का झाली असं कुणी विचारलं, तर आभाळाकडे बघण्याआधी आडवं बघावं. वरून काय पडलं यापेक्षा शेजारून काय वाहत आलं यात उत्तर सापडण्याची शक्यता जास्त.

हे का, ते फळ्यावर करून दाखवता येईल असं गणित आहे. समजा समुद्राचा वरचा ५० मीटरचा थर ३५ क्षारतेचा आहे आणि वाऱ्याने तो वरखाली नीट मिसळलेला आहे. त्यावर १० सेंटिमीटर पाऊस पडला. जमिनीवर दिवसात एवढा पडला की आपण अतिवृष्टी म्हणतो. क्षारता किती उतरली? ३५ गुणिले ५०, भागिले ५०.१, म्हणजे ३४.९३. जेमतेम सात शतांश. उलट मीटरभर पाणी उडून गेलं, पाऊस अजिबात नाही, तर क्षारता ३५.७ होईल, आणि एवढं उडायला कोरड्या वाऱ्यातही कित्येक महिने लागतात. आता वाऱ्याने आणि प्रवाहाने तो थरच सरकवला आणि त्याच्या जागी ३३ क्षारतेचं पाणी आणून ठेवलं, तर एका झटक्यात दोन अंकांचा फरक. पाऊसपाण्याला जे काम करायला तीन मीटर पाऊस लागला असता, ते प्रवाह काही आठवड्यांत करतो. (वारा पडलेला असेल तर पावसाचं पाणी काही तास पातळ साय धरल्यासारखं वरच राहतं आणि तेवढ्यापुरता फरक मोठा दिसतो. पण वारा आला की साय मोडते.)

पुस्तकातला नियम खोटा आहे असं नाही. महासागराचा वर्षाचा सरासरी नकाशा बघितला तर तो ठसठशीत दिसतो. उत्तर अटलांटिकमध्ये अझोर्स बेटांच्या जास्त दाबाच्या दक्षिण अंगाला क्षारता ३७ च्या वर जाते, विषुववृत्ताजवळच्या पावसाच्या पट्ट्यात ती उतरते. पण या नियमाला मुलांनी जन्मभराचं सूत्र समजू नये म्हणून एक उलटं उदाहरण जरूर द्या: आर्क्टिक महासागरातला, अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेचा ब्यूफोर्ट समुद्र. तिथेही जास्त दाबाचं क्षेत्र बसलेलं असतं. उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा पाण्याचा थर वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो, म्हणजे सगळीकडून मध्याकडे. तर त्या जास्त दाबाखाली पाणी मधे गोळा होतं. आर्क्टिकमध्ये वरचं पाणी नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं. साहजिकच तिथे जास्त दाबाखाली अळणी पाण्याचा साठा होतो. पृष्ठभागाची क्षारता तीसच्याही खाली असते. २००३ ते २०१८ या काळात या साठ्यात सहा हजार घन किलोमीटरहून जास्त गोड्या पाण्याची भर पडली. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला समुद्रात सुमारे हजार घन किलोमीटर पाणी ओततात, म्हणजे या आपल्या नद्यांचं सहा वर्षांहून जास्त काळाचं पाणी. अझोर्सला जास्त दाब, पाणी खारट. ब्यूफोर्टला जास्त दाब, पाणी अळणी. फरक दाबात नाही, दाबाच्या हाताशी कोणतं पाणी आहे यात आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे.

एका जानेवारीत आम्ही मंगळूर आणि लक्षद्वीप यांच्या मधे होतो. आकाश धुतल्यासारखं, वारा उत्तरेकडून बेताचा, किती दिवसांत पावसाचा थेंब नाही. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, आम्ही त्याला सीटीडी म्हणतो, विंचच्या तारेवरून खाली सोडलं आणि पडद्यावर रेघ उमटायला लागली. वरचे तीसेक मीटर क्षारतेची रेघ सरळ खाली उतरत होती, ३४ च्या जरा अलीकडे. मग ती उजवीकडे वळली आणि साठ-सत्तर मीटरवर ३५.५ च्या पुढे गेली. तापमानाची रेघ त्याहून नवलाची. खाली जावं तसं पाणी गार होत जातं हे आपण गृहीत धरतो, पण चाळीस मीटरवरचं पाणी पृष्ठभागापेक्षा अर्धा अंश गरम होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला यंत्र बिघडलं असंच वाटतं.

म्हणून बाटल्या. यंत्राभोवतीच्या नळकांड्यांतून प्रत्येक खोलीवरचं पाणी वर येतं, ते काचेच्या बाटलीत भरायचं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, गळ्यापर्यंत भरायची आणि झाकण लावण्याआधी बाटलीच्या तोंडाचे आटे कोरड्या टिश्यूने पुसून घ्यायचे. न पुसता झाकण लावलं तर आट्यांवर मीठ वाळतं, उघडताना त्याचा एखादा कण आत पडतो आणि दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक गेला. प्रयोगशाळेत प्रमाणित समुद्रजलाशी ताडून बघितलं आणि आकडे जुळले. यंत्र ठीक होतं. अळणी पाणी हलकं, म्हणून ते थोडं गार असूनही खाऱ्या, गरम पाण्यावर तरंगत होतं.

मुद्दा हा की ते अळणी पाणी तिथलं नव्हतं. ते बंगालच्या उपसागरातून आलेलं होतं.

त्याचा प्रवास जूनपासून धरा. हिंदी महासागराच्या दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेच्या मॅस्करीन बेटांकडे जास्त दाबाचं क्षेत्र असतं, दाब १०२० हेक्टोपास्कलच्या पुढे. इकडे राजस्थान-सिंधच्या तापलेल्या जमिनीवर तो हजाराच्या खाली उतरतो. या उतारावरून नैर्ऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून येतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून सुसाट निघतात आणि वाटेत अरबी समुद्राची वाफ उचलतात. त्यातली काही सह्याद्रीवर उतरते, ती आपण अंगावर घेतो. बरीच पुढे जाते. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाची जी लांबट घळ पावसाळाभर पसरलेली असते, तिच्यात उपसागराच्या उत्तर टोकाला कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक जन्मतात आणि वायव्येकडे सरकत मैदानात पाऊस पाडतात. ही घळ उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला टेकली की महाराष्ट्रात पावसाला खंड पडतो, आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, आणि नेमकं तेव्हा तिकडे पायथ्याला आणि आसामात नद्यांना पूर असतो. हे सगळं पाणी शेवटी उपसागराच्या डोक्यावर येतं. अरबी समुद्राचं पाणी उडतं, बंगालच्या उपसागरात पडतं. एक समुद्र खारट होत जातो, दुसरा अळणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता तीसच्या खाली असते, त्याच वेळी मध्य अरबी समुद्रात ती ३६ च्या आसपास.

ऑक्टोबरनंतर चित्र उलटतं. जमीन गार होते, आशियावर जास्त दाब बसतो, सैबेरियाच्या बाजूला तर तो १०४० च्याही वर चढतो, आणि वारे ईशान्येकडून वाहू लागतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो. उपसागरातलं अळणी पाणी किनाऱ्याला चिकटून, अरुंद पट्ट्यात, आंध्र आणि तमिळनाडूवरून खाली येतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि केरळच्या समोर अरबी समुद्रात शिरतं. तिथून उत्तरेकडे जाणारा पश्चिम किनारी प्रवाह त्याला पुढे घेतो.

इथे एक कोडं आहे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वारा उत्तरेकडून असतो आणि हा प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर, उत्तरेकडे जातो. मी नवखा असताना यावर बरेच दिवस अडखळलो. उत्तर दूर आहे. बंगालच्या उपसागरात वारा बदलला की किनाऱ्यालगत पाण्याची पातळी हलते आणि ती हालचाल लाटेसारखी पुढे सरकते. केल्विन लाट म्हणतात तिला. डोळ्यांना दिसणारी लाट नव्हे, काही सेंटिमीटर उंचीची आणि शेकडो किलोमीटर लांबीची. उत्तर गोलार्धात ती किनारा उजव्या हाताला ठेवून चालते: पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेवरून वळून, पश्चिम किनाऱ्याने वर. लक्षद्वीपच्या परिसरात हिवाळ्यात पाण्याचा एक बुटका डोंगर तयार होतो. पाणी या पातळीच्या उताराला मान देतं, डोक्यावरच्या वाऱ्याला तेवढा देत नाही. म्हणजे केरळपुढच्या डिसेंबरच्या प्रवाहाचं कारण थोडंफार विशाखापट्टणमपुढच्या वाऱ्यात शोधावं लागतं.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. डिसेंबर-जानेवारीत केरळ-लक्षद्वीपकडे जे पाणी कमी खारं दिसतं, त्यात ऑगस्टच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुराचा अंश असतो. पाऊस पडला होताच, पण दुसऱ्या समुद्रात आणि चार महिने आधी. हा अळणी पट्टा उत्तरेला येत येत विरतो. केरळात ठळक, कर्नाटकात बरा, गोव्याच्या आसपास पुसट, आणि त्याच्या वर फारसा हाती लागत नाही. शिरोडं त्याच्या जवळजवळ टोकावर आहे.

याच महिन्यांत याच समुद्राच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं, ते मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. आशियावरच्या त्याच जास्त दाबातून निघालेले गार, कोरडे वारे गुजरात-पाकिस्तानच्या समोरच्या समुद्रावरून वाहतात. पाणी गार होतं, भराभर उडतं, क्षारता ३६ च्या वर जाते. गार आणि खारट, म्हणजे जड. ते बुडतं आणि खालून दक्षिणेकडे पसरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या पाण्याच्या जन्माचा आणि पसरण्याचा माग नीट काढलेला आहे. मंगळूरसमोर आमच्या रेघेने खाली उजवीकडे वळण घेतलं, ते याच पाण्यामुळे. वरून दक्षिणेचं अळणी पाणी उत्तरेला, खालून उत्तरेचं खारट पाणी दक्षिणेला. दाबाची मांडणी एकच, महिना एकच, समुद्र एकच, आणि एका टोकाला तो खारट होतोय तर दुसऱ्या टोकाला अळणी.

दरवर्षी हे सारखं होत नाही. हिंदी महासागराचा द्विध्रुव तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तो ओळखून मांडला. धन द्विध्रुवाच्या वर्षी सुमात्राकडचा समुद्र गार आणि तिकडे दाब नेहमीपेक्षा जास्त, आफ्रिकेकडचा समुद्र गरम आणि दाब कमी. विषुववृत्तावर वारा पूर्वेकडून वाहायला लागतो. पूर्व आफ्रिकेत पाऊस कोसळतो, २०१९ च्या अखेरीला तिथे मोठे पूर आले ते अशाच वर्षी. पण क्षारतेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पाण्याखाली घडते. विषुववृत्तावरच्या त्या वाऱ्याने उठलेली पातळीची लाट सुमात्रावर आपटते, बंगालच्या उपसागराच्या कडेकडेने फिरते आणि आपल्या पूर्व किनाऱ्याचा दक्षिणेकडचा प्रवाह कमजोर करते. नद्यांचं पाणी उत्तरेलाच रेंगाळतं, तमिळनाडूपुढे पाणी नेहमीपेक्षा खारट राहतं. ऋण वर्षी प्रवाहाला जोर येतो आणि अळणी पट्टा लांब पोचतो. इथे गंगेला पूर किती आला याइतकंच विषुववृत्तावर वारा कुठून होता याला महत्त्व येतं.

दाबाच्या अशा झोपाळ्यांची पद्धतशीर मांडणी कुणी केली, याचं एक टोक पुण्यापर्यंत पोचतं. गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मॉन्सूनचा अंदाज वर्तवता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या वेधशाळांतल्या दाब, पाऊस आणि तापमानाच्या नोंदी हाताने आकडेमोड करून एकमेकींशी ताडल्या, आणि त्यातून दाबाचे तीन मोठे झोपाळे मांडले. त्यातला दक्षिणी दोलन एल निनोमुळे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा उत्तर अटलांटिकचा: अझोर्सचा जास्त दाब आणि आइसलंडचा कमी दाब, यांतला फरक कधी वाढतो, कधी घटतो. खात्याचं मुख्यालय तेव्हा सिमल्याला होतं. वॉकर खातं सोडून गेल्यावर, १९२८ साली ते पुण्यात आलं, आणि शिवाजीनगरचा तो चौक अजून 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखला जातो. पुण्यातल्या बसच्या पाटीवर ते नाव वाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की अटलांटिकच्या झोपाळ्याची मांडणी त्या कचेरीच्या कागदांतून निघाली!

त्या झोपाळ्याने मिठाचं काय केलं, याची सर्वांत नावाजलेली गोष्ट १९६०च्या दशकातली आहे. त्या दशकात अझोर्स-आइसलंड फरक फार घटलेला होता आणि ग्रीनलंडवर जास्त दाब हिवाळ्यामागून हिवाळे ठाण मांडून बसला. त्याच्या पूर्व अंगाला उत्तरेकडून वारे सुटले आणि त्यांनी आर्क्टिकचा सागरी बर्फ आणि अळणी पाणी ग्रीनलंड आणि स्वालबार्ड बेटांमधल्या फ्राम सामुद्रधुनीतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर लोटलं. सागरी बर्फ गोठताना आपलं बहुतेक मीठ मागे टाकून येतो, म्हणून बर्फाची निर्यात ही गोड्या पाण्याचीच निर्यात. १९६८ च्या सुमारास आइसलंडच्या उत्तरेला पाणी अळणी झालं. तिथल्या हेरिंग माशांवर आधीच बेसुमार मासेमारीचा घाव बसला होता, त्यात हे गार पाणी आलं आणि तो धंदा बसला. १९७१-७२ ला हा अळणी पाण्याचा डाग कॅनडाच्या लॅब्राडोर समुद्रात होता. १९७६ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला. १९८१-८२ ला फिरून ग्रीनलंड समुद्रात. चौदा-पंधरा वर्षांची परिक्रमा! त्या डागात एकूण ७२ अब्ज टन मिठाची तूट होती असा हिशोब निघाला. तिथल्या लोकांनी त्याला 'क्षारतेची महाविसंगती' अशा अर्थाचं नाव दिलं.

लॅब्राडोर समुद्रात तेव्हा 'ब्राव्हो' नावाचं हवामान-जहाज एका जागी उभं राहून मोजमाप करायचं. हिवाळ्यात तिथलं पाणी इतकं गार आणि जड होतं की ते हजार मीटरच्याही खाली ढवळून जातं. जगाच्या खोल समुद्राला ताजी हवा मिळण्याच्या मोजक्या खिडक्यांपैकी ती एक. १९६९ पासून सलग तीन हिवाळे ब्राव्होच्या नोंदींत ढवळण जेमतेम २०० मीटरपर्यंत थांबलेली दिसते. वर अळणी पाण्याचं झाकण बसलं होतं. कितीही गार झालं तरी ते बुडण्याइतकं जड होईना. १९७२ चा कडक हिवाळा आला तेव्हा झाकण फुटलं.

एक डाग पंधरा वर्षं टिकला कसा, हे मुलांना नक्की सांगा, कारण क्षारतेचं वेगळेपण त्यात आहे. समुद्राचा एखादा भाग नेहमीपेक्षा गरम झाला तर तो हवेला ऊब देतो, बाष्पीभवन वाढतं आणि काही महिन्यांत जादा उष्णता निघून जाते. क्षारतेला अशी वाट नाही. पाणी अळणी झालंय हे हवेला कळतच नाही, म्हणून हवा ते दुरुस्तही करत नाही. आजूबाजूच्या पाण्यात मिसळून विरेल तेव्हाच ते जाईल. दाबाचा नकाशा आठवड्यात बदलतो, त्याने केलेला क्षारतेचा बदल दशकभर फिरत राहतो. २०१२ ते २०१६ मध्ये उत्तर अटलांटिकच्या पूर्व भागात १२० वर्षांतली सर्वांत मोठी क्षारतेची घसरण झाली, आणि तेव्हा झोपाळा नेमका उलट टोकाला होता. त्या वेळी आइसलंडचा कमी दाब जोरात होता, आणि वाऱ्यांनी एरवी कॅनडाच्या किनाऱ्याने दक्षिणेला जाणारं आर्क्टिकचं पाणी पूर्वेला वळवलं. एका टोकाने बर्फ ढकलला, दुसऱ्याने प्रवाह वळवला. डाग दोन्ही वेळा पडला.

कधी कधी दाबाचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. बाल्टिक समुद्र जवळजवळ कोंडलेला, मध्य भागात पृष्ठभागाची क्षारता ७-८ च. त्याच्या तळाला प्राणवायू पोचायचा तर डेन्मार्कजवळच्या उथळ उंबरठ्यांवरून उत्तर समुद्राचं जड, खारट पाणी आत यावं लागतं. त्यासाठी आधी पूर्वेकडचे वारे काही आठवडे वाहून बाल्टिकची पातळी उतरावी लागते आणि पाठोपाठ पश्चिमेची वादळं यावी लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये असा योग जुळला आणि सुमारे चार अब्ज टन मीठ आत शिरलं. नुसती वादळं आली असती, आधीचे पूर्वेच्या वाऱ्यांचे आठवडे नसते, तर उंबरठा एवढा ओलांडला गेला नसता.

आता मिठागरं. पाणी ३५.५ क्षारतेचं असेल तर किलोभर क्षारांसाठी २८ लिटरच्या आसपास पाणी आटवावं लागतं. ३४ असेल तर २९ लिटरच्या आसपास. चार टक्क्यांचा फरक, उन्हाच्या हिशोबात नगण्य. तुमच्या वाफ्यांत पाणी खाडीतून येतं, आणि नोव्हेंबरात खाडीतच ओढ्या-नाल्यांचं पावसाळी पाणी उरलेलं असतं. त्याचा परिणाम समुद्राच्या अळणी पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठा. मिठागराला दाब भेटतो तो सरळ हवेतून. हिवाळ्यातल्या जास्त दाबाचे निरभ्र दिवस आणि कोरडा वारा मीठ पिकवतात, आणि अवेळी आलेलं कमी दाबाचं क्षेत्र घात करतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ केरळ-लक्षद्वीपकडून वर आलं तेव्हा कोकणात आणि मुंबईत ऐन थंडीत पाऊस झाला. वाफ्यात पिकत आलेलं मीठ अशा एका सरीत परत पाणी होतं.

तरी मुलांकडून एक काम करून घ्या अशी माझी मनापासून विनंती आहे. समुद्राची क्षारता अवकाशातून मोजणारे उपग्रह आहेत, युरोपचा २००९ पासून आणि अमेरिकेचा २०१५ पासून. पण किनाऱ्यालगतच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांना नीट दिसत नाही, कारण जमिनीकडून येणाऱ्या लहरी पाण्याच्या मंद लहरींना झाकून टाकतात. समुद्रात तरंगत मोजणारी स्वयंचलित यंत्रंही खोल पाण्यातच असतात. तुमच्या शाळेसमोरचं पाणी कुणीच मोजत नाही. १.००० ते १.०५० घनता दाखवणारं काचेचं हायड्रोमीटर आणि साधा तापमापक घ्या. आठवड्यातून एकदा, नेहमी भरतीच्या माथ्याला, खाडीच्या तोंडाशी एकाच जागी, बादलीभर पाणी काढा, घनता आणि तापमान लिहा. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पावसाळी पाणी ओसरतानाची चढण पहिल्या दोन महिन्यांतच दिसेल. ती चढण डिसेंबर-जानेवारीत कुठे अडखळते का, हे बघायला मला फार आवडेल. वही भरली की तिचे फोटो पाठवा. त्याच आठवड्यांचे उपग्रहाचे नकाशे शेजारी लावून मी मुलांसाठी परत पाठवीन.